गाडी चालवताना नंबरचा गॉगल : आपोआप गडद होणारा घ्यावा, पोलराइज्ड घ्यावा, की दोन्ही एकाच काचेत?

सिन्नरवाट

नमस्कार. माझे घर नाशिकरोडला आहे आणि नोकरी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. सिन्नर आपल्या आग्नेयेला येते, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी निघालो की उगवता सूर्य नेमका समोर असतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळी परतताना मावळताही समोरच येतो. ऊन पाठीवर घेऊन जाण्या-येण्याचे सुख शहरातून सातपूरला नोकरीला जाणाऱ्यांच्या नशिबी आहे, आमच्या नाही.

दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेतीन आहे, उजव्या डोळ्याला थोडा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) आहे, आणि पंचेचाळिशी उलटल्यामुळे जवळचा नंबरही लागला आहे. त्यामुळे रस्त्यावरचा तयार गॉगल उचलून डोळ्यांवर चढवणे मला शक्य नाही. चष्म्याच्या दुकानात मला एक काच सुचवण्यात आली, जी उन्हात गडद होते, सावलीत पांढरी म्हणजे रंगहीन होते आणि शिवाय पोलराइज्डही (पृष्ठभागांवरून परावर्तित होणारी चकाकी अडवणारी) आहे, म्हणजे घर, कारखाना आणि गाडी या तिन्ही ठिकाणी एकच चष्मा चालेल, असे दुकानदारांचे म्हणणे आहे. किंमत अर्थातच तिन्ही ठिकाणांची मिळून लावलेली आहे. अधूनमधून गोंद्याहून समृद्धी महामार्गाने मुंबईकडे जाणे होते आणि परतायला बहुधा रात्र होते. अशा वापरासाठी ही काच खरोखर उपयोगी पडते का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

पंचवटीकर

माझ्याकडे साधी फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी, काच आहे. पायी फिरताना ती झकास काळी होते, पण कारमध्ये बसलो की जी पांढरी राहते ती राहतेच. तक्रार केल्यावर दुकानातून काच बदलूनही मिळाली, तरी फरक पडला नाही. माझ्या माहितीप्रमाणे तुमचे दुकानदार जे सांगत आहेत ते गाडीच्या बाहेरच खरे आहे.

नेत्रमापक

पंचवटीकर, तुमची पहिली काच सदोष नव्हती आणि दुसरीही नाही. मी चष्म्याच्या व्यवसायात आहे आणि ही तक्रार घेऊन येणारे ग्राहक मला नेहमी भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उन्हात गडद होणारी काच १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने विकसित केली. त्या काळी ती खरोखरची काच होती आणि तिच्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असत. आज आपण 'काच' म्हणतो ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते आणि तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्ये असतात, पण दोन्हींना गडद होण्यासाठी मुख्यतः अतिनील किरणच लागतात. कारची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते, जेणेकरून अपघातात तिचे तुकडे अंगावर उडू नयेत, आणि हा पापुद्रा जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. डोळ्यांना त्रास देणारा दृश्य प्रकाश आत येतो आणि चष्म्याला जागे करणारा प्रकाश बाहेर राहतो. दारांच्या काचा सहसा एकेरी असतात आणि त्यांतून अतिनील किरण कमी-अधिक प्रमाणात येतात, म्हणून काही जणांना गाडीत चष्मा किंचित धुरकट झाल्यासारखा वाटतो.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानातून नमुन्याच्या दोन काचा मागून घ्याव्यात, एक बोनेटवर ठेवावी आणि दुसरी आत डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या मागे ठेवावी. दोन-तीन मिनिटांनी दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी धरल्या की बोनेटवरची काळवंडलेली आणि आतली जवळजवळ तशीच राहिलेली दिसते. ग्राहकाने असा आग्रह धरला तर कोणत्याही चांगल्या दुकानदाराला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. ही रंगद्रव्ये थंडीत जास्त गडद होतात आणि उष्णतेत कमी. निफाडकडच्या जानेवारीतल्या सकाळी जी काच कोळशासारखी काळी होते, तीच मे महिन्यात पारा चाळिशीला टेकल्यावर, म्हणजे नेमकी गरज असताना, मध्यम तपकिरी होऊन थांबते.

सिन्नरवाट

धन्यवाद. मात्र मला दाखवलेली काच 'गाडीतही गडद होणारी' म्हणून दाखवली आहे. तो दावा निव्वळ खोटा समजायचा का?

नेत्रमापक

खोटा नाही, पण अर्धवट आहे. या बाबतीत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या काचा एकाच नावाखाली सांगितल्या जातात, आणि ग्राहकाचा गोंधळ तिथेच होतो.

पहिल्या प्रकारात ट्रान्झिशन्स कंपनीची 'एक्स्ट्राअ‍ॅक्टिव्ह' काच येते. ती अतिनील किरणांबरोबर काही प्रमाणात दृश्य प्रकाशालाही प्रतिसाद देते, त्यामुळे गाडीत ती गडद होते, परंतु बाहेरच्याइतकी होत नाही, आणि घरातही तिच्यावर हलकी छटा राहते. ती पोलराइज्ड नसते. तिचीच 'पोलराइज्ड' आवृत्ती हा दुसरा प्रकार आहे. तिच्यात ध्रुवीकरणाचा, म्हणजे पोलराइज्ड असण्याचा, गुण काच गडद होईल त्या प्रमाणात प्रकट होतो. गाडीच्या आत ती पूर्ण गडद होत नाही, म्हणून ध्रुवीकरणही पूर्ण मिळत नाही. तुम्हाला दाखवलेली काच वर्णनावरून याच प्रकारची दिसते. नदीकाठी किंवा शेतात उभे राहणाऱ्यासाठी ती चांगली आहे, परंतु तुमचा उपयोग गाडीतला आहे.

तिसरा प्रकार 'ड्राइव्हवेअर'. ही काच खास वाहनचालकांसाठी बनवलेली आहे. तिच्यात कायमस्वरूपी पोलराइज्ड पापुद्रा असतो आणि त्यावर बदलणारा रंग असतो. ढगाळ हवेत ती पिवळसर हिरवी दिसते आणि साधारण ३५ टक्के प्रकाश आत सोडते, गाडीत पुढच्या काचेमागे तांबूस होते आणि सुमारे २२ टक्के सोडते, तर उघड्या उन्हात लालसर तपकिरी होऊन १२ टक्क्यांच्या आसपास येते. ती कधीही पांढरी होत नाही. त्यामुळे तिला 'एकच चष्मा सगळीकडे' म्हणता येत नाही. तो दिवसाचा गॉगलच राहतो.

घाटमाथा

मी घोटीचा, आणि कामानिमित्त ठाणे-भिवंडीकडे नेहमी जाणारा. समृद्धीचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा सगळ्यांच्या वापरात आला. बोगद्यात दिवे आहेत, परंतु दुपारच्या उन्हातून आत शिरताना डोळ्यांना तो अंधारच वाटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने हा बोगदा पाच मिनिटांच्या आत संपतो. आता नेत्रमापक यांनीच सांगावे की गडद झालेली काच पांढरी व्हायला किती वेळ घेते. माझा अनुभव असा आहे की चष्मा पुरेसा उजळेपर्यंत समोर बोगद्याचे दुसरे तोंड दिसू लागलेले असते. उजळण्याची घाई नेमकी पहिल्या अर्ध्या मिनिटात असते, आणि त्या अर्ध्या मिनिटात ही काच काहीही करत नाही.

ज्याला नंबर नाही त्याने गॉगल काढून बाजूला ठेवला की विषय संपतो. उणे साडेतीन नंबरवाल्याने गॉगल काढला तर पुढच्या ट्रकचे मागचे दिवे त्याला फुटबॉलएवढे दिसतील.

नेत्रमापक

घाटमाथा यांचा मुद्दा पूर्णपणे योग्य आहे. गडद होण्याचे काम या काचा अर्ध्या ते एका मिनिटात बऱ्यापैकी करतात, मात्र पुन्हा उजळायला काही मिनिटे लागतात, आणि थंडीत त्याहून जास्त. त्यामुळे बोगदा, उड्डाणपुलाखालचा अंधारा भाग किंवा तळघरातले वाहनतळ यांसाठी आपोआप बदलणाऱ्या काचेवर विसंबून राहू नये.

द्राक्षमळा

पिंपळगाव बसवंतहून लिहितो आहे. माझे बरेचसे फिरणे दुचाकीवर असते, म्हणून त्याविषयी दोन गोष्टी सांगतो. हेल्मेटची पुढची पारदर्शक पट्टी खाली ओढली की फोटोक्रोमिक चष्मा गडद होत नाही. ती पट्टी पॉलिकार्बोनेटची असते आणि पॉलिकार्बोनेटही अतिनील किरण अडवते. दुसरे असे की पोलराइज्ड गॉगल लावून त्याच पट्टीतून पाहिले तर तिच्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. कारच्या मागच्या काचेवरही तसेच ठिपके दिसतात. काच कडक करताना तिच्यात जे ताण राहतात ते पोलराइज्ड काचेतून दिसू लागतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मोबाइलचा पडदा मात्र एका विशिष्ट कोनात काळाठिक्कर पडतो. मी नकाशा पाहण्यासाठी मोबाइल आडवा लावत असे, तो आता उभा लावतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर मोठे पडदे असतात. गॉगल घेण्यापूर्वी स्वतःच्या गाडीत बसून पडदा दिसतो का, हे एकदा पाहून घ्यावे.

माझी खरी शंका वेगळीच आहे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किंवा सांडलेले तेल कुठे आहे, हे मला त्याच्या चकाकीवरून कळते. पोलराइज्ड काच ती चकाकीच पुसून टाकत असेल, तर घाटात ती उपकारक की अपायकारक?

सिडको_अभियंता

द्राक्षमळा यांची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देताना सिन्नरवाट यांच्या मूळ प्रश्नाबद्दलही काही सांगावेसे वाटते, कारण माझ्या मते या धाग्यावर पोलराइज्ड काचेकडून अवाजवी अपेक्षा केली जात आहे.

पाणी, डांबर किंवा बोनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश बव्हंशी आडव्या दिशेने कंप पावतो आणि फक्त उभ्या दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी पोलराइज्ड काच तो अडवते. मात्र हे परावर्तन ठरावीक कोनात झाले तरच ते पूर्णपणे अडते. पाण्यासाठी हा कोन लंबापासून सुमारे ५३ अंशांचा आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना पन्नास-शंभर मीटर पुढच्या रस्त्यावरून जी चकाकी येते, ती रस्त्याला जवळजवळ घासून येते, आणि त्या कोनात ध्रुवीकरण फारच थोडे होते. शिवाय प्रत्यक्ष सूर्याचा प्रकाश तर ध्रुवित नसतोच. म्हणजे सिन्नरच्या वाटेवर सकाळी सात वाजता समोरून जो मार बसतो, त्यावर पोलराइज्ड काच साध्या गडद काचेपेक्षा फार मोठे काम करत नाही. द्राक्षमळा यांनाही हेच लागू आहे. दूरच्या ओल्या रस्त्याची चमक बरीचशी शिल्लक राहते, जवळच्या डबक्याची जाते. घाटात धुके आणि पाऊस असताना मुळात गडद काचच नको, हे त्याहून महत्त्वाचे.

मग पोलराइज्ड काच घ्यायची कशासाठी? माझे उत्तर आहे डॅशबोर्डसाठी. दुपारी गाडीत बसून पुढच्या काचेकडे नीट पाहिले, तर रस्त्यावर एक फिकट पडदा ओढल्यासारखा दिसतो. ते डॅशबोर्डचे पुढच्या काचेतले प्रतिबिंब असते, आणि आपल्याकडे डॅशबोर्डवर पांढरा नॅपकिन, सोनेरी गणपती, टोलची पावती आणि वरून चकचकीत पॉलिश असा सगळा सरंजाम असल्यामुळे तो पडदा चांगलाच दाट होतो. हे परावर्तन सोयीच्या कोनात होते, म्हणून पोलराइज्ड गॉगल लावताच ते जवळजवळ नाहीसे होते आणि सावलीतला पादचारी वा करड्या रंगाचा ट्रॅक्टर ठळक दिसू लागतो. गॉगल डोळ्यांपुढे धरून हळूहळू नव्वद अंशांत फिरवला, तर तो पडदा जाताना आणि परत येताना स्पष्ट दिसतो. गणपती हलवण्याचा सल्ला मी देणार नाही, पण नॅपकिन आणि पॉलिश या दोन गोष्टी विनामूल्य काढता येतात.

समोरच्या सूर्यासाठी मात्र पुढची काच आतून आणि बाहेरून स्वच्छ ठेवणे, वायपरचे रबर वेळेवर बदलणे आणि वरची झडप (सन व्हायझर) खाली ओढणे यांचा उपयोग कोणत्याही महागड्या चष्म्यापेक्षा अधिक होतो. आतल्या बाजूला साचलेला तेलकट थर सूर्य समोर आला की अक्षरशः पेटतो.

पंचवटीकर

अभियंता साहेबांचे डॅशबोर्डचे निरीक्षण मी आत्ताच गाडीत जाऊन पडताळले, ते खरे आहे. आता रात्रीच्या प्रवासासाठी मिळणाऱ्या पिवळ्या चष्म्यांविषयीही कोणी सांगावे. महामार्गावरच्या दुकानांत ते टांगलेले असतात आणि समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांवर उपाय म्हणून विकले जातात.

नेत्रमापक

पिवळ्या चष्म्यांपासून दूर राहावे. २०१९ मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा चष्म्यांमुळे रात्री समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात पादचारी अधिक चांगला दिसतो, असे आढळले नाही. तर्कही साधा आहे. अंधारात आधीच कमी असलेला प्रकाश आणखी गाळून दृष्टी सुधारत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी कोणतीही काच रात्री वा संधिप्रकाशात वाहन चालवण्यास योग्य मानली जात नाही, त्यामुळे मी वर सांगितलेली ड्राइव्हवेअरही रात्री बाद होते. उलट टोकाला, ८ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी, गडदपणाच्या चौथ्या श्रेणीची काच हिमशिखरांसाठी असते आणि ती दिवसाही गाडी चालवताना वापरायची नसते. आपल्या उन्हासाठी दुसरी किंवा तिसरी श्रेणी पुरते. ही श्रेणी बहुधा दांडीच्या आतल्या बाजूला छापलेली असते.

रात्री समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसत असतील किंवा झगमगाट अलीकडे वाढला असेल, तर चष्मा बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. सिलिंडरचा नंबर थोडासा चुकला असला तरी रात्री दिवे फाकतात.

रंगाविषयी विचारले गेले नाही, तरी सांगतो. राखाडी आणि तपकिरी या दोनच छटांचा विचार करावा. राखाडीत रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरीत डांबर आणि खड्डा यांच्यातला फरक उठून दिसतो. निळ्या, गुलाबी किंवा आरशासारख्या काचा फोटोसाठी असतात.

घाटमाथा

सिन्नरवाट यांच्यासाठी माझी सूचना अशी आहे की त्यांनी नेहमीचा पांढरा चष्मा उत्तम करून घ्यावा आणि त्याच फ्रेमवर बसणारी चुंबकाची पोलराइज्ड क्लिप घ्यावी. बोगद्याच्या आधीच्या फलकापाशी क्लिप काढून ठेवायची, नंबर डोळ्यांवर कायम राहतो. वर उचलता येणारी क्लिप त्याहून सोयीची, कारण ती एका बोटाने वर जाते आणि हात परत चाकावर येतो. दिसायला ती थोडी मास्तरांसारखी दिसते, पण गाडीत आपल्याला पाहणारे कोण असते?

नेत्रमापक

मी यात फक्त एक बदल सुचवेन. क्लिप आणि चष्मा यांच्या मध्ये धूळ व उजेड शिरतो, चार पृष्ठभाग स्वच्छ ठेवावे लागतात, आणि रोज तासभर समोर सूर्य घेणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो. रोजच्या सिन्नरच्या वाटेसाठी कायम एकाच रंगाची पोलराइज्ड नंबरची वेगळी जोडी आणि समृद्धीच्या दिवशी क्लिप, असे मला अधिक पटते. बदलणाऱ्या रंगासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची त्यांना गरज दिसत नाही, कारण सूर्य समोर असण्याची त्यांची वेळ ठरलेली आहे आणि तेवढ्या वेळात प्रकाश फारसा बदलत नाही.

फ्रेम निवडताना कानशिलांपर्यंत वळलेली खेळाडूंची फ्रेम टाळावी, कारण उणे साडेतीन नंबर तशा वक्र काचेत बसवला की कडेचे चित्र वाकते. दांडी रुंद नसावी. ती बाजूने येणारी दुचाकी झाकते. जवळचा नंबर असल्याने प्रोग्रेसिव्ह (दूरचा, मधला आणि जवळचा नंबर एकातच असलेली) काच घेता येईल, परंतु त्यासाठी फ्रेमला पुरेशी उंची हवी, नाहीतर स्पीडोमीटर दिसणारा मधला भागच कापला जातो. काचेच्या मागच्या पृष्ठभागावर परावर्तनरोधक थर अवश्य घ्यावा. गडद काचेत मागून आलेला उजेड आरशासारखा डोळ्यांत परत येतो आणि पाठीमागे सूर्य असताना त्रास देतो.

सिन्नरवाट

सर्वांचे आभार. दुकानदारांनी सुचवलेली काच आता घेत नाही. राखाडी रंगाची, तिसऱ्या श्रेणीची पोलराइज्ड जोडी आणि पांढऱ्या चष्म्यासाठी वर उचलता येणारी क्लिप, असे सांगून आलो आहे. चष्मा ताब्यात घेताना नेमके काय तपासावे, एवढे कृपया सांगावे.

नेत्रमापक

मोबाइलवर पांढरा पडदा उघडा, चष्मा त्याच्यापुढे धरा आणि सावकाश फिरवा. दोन्ही काचा एकाच कोनात एकाच वेळी काळ्या पडल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर काळी पडली, तर काच कापताना ध्रुवीकरणाचा अक्ष फिरला आहे, आणि अशी जोडी डोके दुखवते. ती तिथेच परत करावी. उजव्या डोळ्याला सिलिंडर असल्याने त्याचा अक्ष लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजण्याच्या यंत्रावर) तुमच्यासमोर मोजून घ्यायला सांगावे. त्यानंतर चष्मा घालून दुकानाबाहेर या, समोरच्या उभ्या गाडीच्या काचेकडे पाहा आणि सिग्नलचे तिन्ही दिवे नीट ओळखू येतात का ते पाहा. वापरात आल्यावर तो डॅशबोर्डवर सोडून जाऊ नका. मे महिन्यात बंद गाडी इतकी तापते की काचेवरच्या थराला बारीक तडे जातात, आणि तशा तड्यांसाठी वॉरंटी मिळणे अवघड असते.